बिनविम्याचे दाजी

विम्याचा एजंट समोरून येताना दिसला की माणसं रस्ता बदलतात, ही रीत सगळीकडे आहे. पण ज्याला पाहून एजंटानेच रस्ता बदलावा असा माणूस देवाने एकच घडवला आणि तो नेमका माझ्या ताईचा नवरा निघाला. मंचरच्या स्टँडवर आमचा एजंट चहा पीत उभा असला आणि लांबून दाजींचा टेम्पो दिसला, की तो अर्धा कप तसाच ठेवून पानटपरीच्या मागे जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दाजी विमा घेत, हप्ता वेळेवर भरत, पण त्याआधी एजंटाच्या अंगातलं सगळं पाणी काढत. "समजा, वीज पडली अन् त्याच वक्ताला सापबी चावला, तर क्लेम कशाचा धरायचा?" असं ते एकदा अगदी शांतपणे विचारत होते. एजंटाने पुस्तिका मिटली आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, असा माणूस मला दाखवा. कंपनीला विचारत बी न्हाई, माझ्या खिशातनं देतो." दाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "हे लेखी देता का?"

मी दाजींकडे चार वर्षं राहिले. आमचं माहेर वर डोंगरात, आहुप्याच्या वाटेवर. तिथून अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजला रोज येणं शक्य नव्हतं आणि होस्टेलचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. ताईचं सासर कॉलेजपासून जवळ. दाजींनी स्वतः आमच्या घरी येऊन वडिलांना सांगितलं, "पोरगी शिकू द्या. ऱ्हायची जबाबदारी माझी." आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर आणि त्या पदवीत निम्मा वाटा दाजींचा आहे, हे मी कुठेही सांगेन. पण "जबाबदारी" या शब्दाचा दाजींच्या डिक्शनरीत काय अर्थ आहे, हे तेव्हा वडिलांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पहिल्या दिवशी कॉलेजला निघाले तर दाजींनी माझ्या हातात शिट्टी, बॅटरी आणि तिखटाची पुडी ठेवली आणि म्हणाले, "म्यॅडम, तुमचा अपघात विमा कालच काढलाय. आता बिनघोर जावा." इतकं बिनघोर व्हायची सवय नसल्याने मी रस्ताभर रडवेली झाले होते.

घर त्यांचं उसाच्या मधोमध. आमच्या भागात ऊस म्हटलं की बिबट्या आलाच, आणि त्याची भीती सगळ्यांनाच असते. लोक संध्याकाळी काठी घेतात, दोघे मिळून जातात, बोलत जातात. दाजींना एवढ्याने समाधान नव्हतं. त्यांनी मोबाइलवर हिंदी बातम्यांतली भांडणं भरून ठेवली होती आणि रानात जाताना ती मोठ्या आवाजात लावून तो मोबाइल ते कमरेला बांधत. "चारपाच जण एकदम वरडत्यात. बिबट्याला वाटतं, हितं आधीच कोनीतरी शिकार धरलीय, आपन कशाला मधी पडा." डोक्याला हेल्मेट, हेल्मेटच्या मागच्या बाजूला रंगवलेला मिशीवाला चेहरा, कारण बिबट्या पाठीमागून येतो. अशा वेशात दाजी बांधावरून चालताना दिसले की ते येतायत की जातायत, हे त्यांच्या आईलासुद्धा कळत नसे.

त्यातही त्यांचा मानाचा दागिना म्हणजे गळ्यातला पट्टा. बिबट्या मान धरतो, म्हणून हल्ली आमच्याकडे काही जण खिळ्यांचा पट्टा गळ्यात घालून रानात जातात. दाजींनी तो जुन्नरच्या एका चाचांकडून खास बनवून घेतला. चाचांचा धंदा बैलांच्या घुंगुरमाळांचा. माणसाच्या मानेचं माप घेताना त्यांना हसू आवरेना. म्हणाले, "पावणं, खिळं एवढं लांब नको. बिबट्यापासनं वाचाल, पर तुमाला कूस बदलता यायची न्हाई." दाजींनी ऐकलं नाही. पुढे चुलत पुतणीच्या लग्नात हाच पट्टा उपरण्याखाली तसाच राहिला आणि व्याह्यांच्या गळाभेटीत दाजींनी नवरदेवाच्या थोरल्या काकांना मोठ्या प्रेमाने मिठी मारली. "आयायाया!" एवढंच ऐकू आलं. वाजंत्री थांबली, वरपक्ष उठून उभा राहिला, लग्न मोडतंय की काय अशी वेळ आली, आणि दाजी काकांच्या गळ्याला रुमाल लावत सगळ्यांना समजावत होते, "गैरसमज नको, कार्यालयाच्या मागं ऊस हाय."

घरात तर विचारूच नका. दाराला वर कडी, खाली कडी, मध्ये आडणा, बाहेरून लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप. बाहेरच्याला आत येणं अवघड आणि आतल्याला बाहेर पडणं त्याहून अवघड. सकाळी दूधवाला हाक मारून मारून दमायचा आणि आम्ही आतून किल्ली शोधत असायचो. दर रविवारी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि पाणी पडायचंच. मी विजेची शाखा घेतली याचा दाजींना केवढा अभिमान, पण त्या अभिमानापोटी मला दर आठवड्याला घरातली सगळी बटणं टेस्टर लावून तपासावी लागत. कुठे गावाला निघालं की दाजी मेन स्विच पाडत. परत यावं तो फ्रिजमधल्या दुधाचं दही आणि दह्याचं आणखी काहीतरी झालेलं. ताई म्हणायची, "आग लागून जेवढं जायचं न्हाई तेवढं ह्यांच्या सावधगिरीनं चाललंय." तिची तरी काय चूक? म्हशीचा विमा काढला तेव्हा तिच्या कानात बिल्ला मारला होता. बिल्ला नसेल तर क्लेम नाही, असं कळल्यापासून दाजी म्हशीपेक्षा बिल्ल्याला जपत. एकदा तो कानातून गळून पडला. दाजींनी सगळ्या घराला गोठ्यात बसवून वैरणीची काडी न् काडी निवडायला लावली. संध्याकाळी बिल्ला सापडला, तेव्हा म्हैस हरवली होती.

आता एवढ्या सगळ्या तटबंदीत एक भगदाड होतं आणि ते मला पहिल्याच वर्षी दिसलं. घरात आत्याबाईंचा, म्हणजे दाजींच्या आईचा, विमा होता. ताईचा होता. दोन्ही पोरांचा होता, माझा होता, टेम्पोचा होता, म्हशीचा तर होताच. नव्हता तो फक्त दाजींचा. ना आयुष्याचा, ना दवाखान्याचा. वास्तविक सगळं घर त्यांच्या एकट्याच्या जिवावर चालायचं. ते टेम्पोत टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजारात नेणार तेव्हा चूल पेटणार. उद्या या माणसाला काही झालं तर माझी ताई दोन लहान पोरं आणि म्हातारी सासू घेऊन काय करणार? म्हशीचा बिल्ला विकणार? शिकल्यासवरल्या माणसाने आपल्या माणसांना शहाणपण सांगायचं असतं या प्रामाणिक समजुतीने मी दाजींना सांगायला गेले. "दाजी, कमावतो त्याचा विमा आधी काढायचा असतो. तुम्ही बरोबर उलटं केलंय." दाजी तेव्हा शिडीवर चढून पत्र्याखालचा बल्ब बदलत होते, हेल्मेट घालून. वरूनच म्हणाले, "मला काय हुतंय?"

हे उत्तर मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की ते ऐकून माझं डोकं फिरायचं. मेहुणीला थट्टेचा हक्क असतो, तो मी पुरेपूर वापरला. पाहुणे आले की सांगायचे, "आमच्या दाजींना अमरपट्टा मिळालाय, म्हणून खिळ्यांचा गळ्यात घालतात." एजंटही माझ्या बाजूचा. म्हणायचा, "मी बी सांगून दमलो बघा. ह्यो माणूस म्हशीचं हप्तं भरतो अन् सोताचं नाव काढलं की पाण्याचा तांब्या पुढं करतो." दाजी हसायचे. ताई उठून आत जायची. मला वाटायचं, नवऱ्याच्या आडमुठेपणाला बिचारी कंटाळलीय.

माझ्या शेवटच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास दाजींनी घरात आग विझवायचं लाल नळकांडं आणलं. ते आलं ते नेमकं खंडेनवमीच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार-अवजार पुजायचं असतं. कोयता, टिकाव, खुरपी, टेम्पोचा जॅक आणि माझा टेस्टर यांच्या रांगेत हे नवं नळकांडं बसलं. आत्याबाईंनी त्याला धुतलं, पुसलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि जी पिन ओढल्यावर ते सुरू होतं, त्या पिनेलाच लाल नाडा गुंडाळून घट्ट गाठी मारल्या. मी म्हटलं, "अहो, ही पिन मोकळी पाहिजे." आत्याबाई म्हणाल्या, "देवाला बांधलंय. पुढच्या दसऱ्याला सोडू." दाजींनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आईला नमस्कार केला.

दिवाळीच्या आधी ताई चकल्या तळत होती. मी परीक्षेसाठी थांबले होते. दुपारी दाजी बाजारातून आले आणि त्यांच्या डोक्यात आलं की नवीन नळकांडं आलंय, तर आग लागल्यावर काय करायचं याची सगळ्यांना तालीम दिली पाहिजे. त्यांनी शिट्टी वाजवली. "समदी अंगणात! हाय तशी!" ताई आतून ओरडली, "अहो, कढई हाय गॅसवर!" दाजी म्हणाले, "आग लागल्यावर कढईचं बघत बसणार का? भाईर!" आता शिट्टी वाजली की बाहेर यायचं हा घरचा कायदा. ताई पदराला हात पुसत आली. आम्ही ओळीने उभे राहिलो. आत्याबाईंना खुर्ची दिली. दाजी समजावू लागले. पळायचं नाही, वाकून चालायचं, नाकाला ओलं फडकं धरायचं. सांगता सांगता ते रंगले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर यायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, "लई हुबेहूब केलंय रे या टायमाला."

दाजींनी मागे वळून पाहिलं आणि ते धावले. मी आणि ताई त्यांच्या मागे. कढईतलं तेल पेटून जाळ वरच्या फळीला लागत होता. दाजींनी कोपऱ्यातलं नळकांडं उचललं आणि पिन ओढली. पिन नाड्यात. नाडा गाठीत. दात लावले तर तोंडात झेंडू. दारातून आत्याबाई, "तोडू नगंस! देवाचा नाडा तोडू नगंस!" आणि तेवढ्यात दाजींनी ते हातातलं टाकून दिलं आणि एक काम केलं, जे त्यांनी कुठल्याच तालमीत सांगितलं नव्हतं. ते जाळाच्या बाजूने आत शिरले, ओट्याखाली हात घालून सिलिंडरचा कॉक बंद केला, नळी ओढून काढली आणि सिलिंडर छातीशी धरून अंगणात नेला. हेल्मेट नाही, पट्टा नाही, काही नाही. ताईने पिठाची परात उपडी करून कढईवर घातली आणि जाळ बसला. परातीने आग विझवून झाल्यावर कुणीतरी नळकांडं अंगणात नेलं, कात्रीने नाडा कापून पिन काढली आणि ते एकदम सुटलं. पोरगं ते घेऊन नाचत आत आलं आणि तळून ठेवलेल्या सगळ्या चकल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. आम्ही हसायला लागलो होतो. मग ताईचं लक्ष दाजींच्या उजव्या हाताकडे गेलं. कोपरापर्यंतची कातडी लाल होऊन सुटली होती. दाजींच्या भुवया नव्हत्या.

मंचरच्या दवाखान्यात हात धुऊन पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, पण दोनतीन दिवस इथेच ठेवू. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचा मेडिक्लेम आहे का?" मी चार वर्षांचं साठवून ठेवलेलं बोलले. "पेशंटचा सोडून सगळ्यांचा आहे. ताईच्या सासूबाईंचा आहे, माझा आहे. म्हशीचा चालत असेल तर तोही आहे." ती मुलगी हसली. दाजी पलंगावर बसून हसले. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "हसता काय, दाजी? आज तो सिलिंडर फुटला असता तर? ताईने काय करायचं होतं?"

"त्यांना बोलू नको," ताई म्हणाली. "माझी शपथ हाय त्यांना."

मला कळेना. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, चेहऱ्यावर काजळी, आणि माझ्याकडे न बघता बोलत होती. आमच्या माहेरच्या वाडीत एक बाई होती. नवरा कड्यावरून पडून गेला. त्याचा विमा निघाला, त्या पैशात तिने गळकं कौलारू घर पाडून पत्र्याचं केलं. मी तेव्हा लहान होते, मला फक्त तिचे चकाकणारे पत्रे आठवतात. ताई मोठी होती, तिला बाकीचं आठवत होतं. पाणवठ्यावर बाया काय बोलायच्या ते. नवरा विकून पत्रा घातला, म्हणायच्या. पाऊस पडला की म्हणायच्या, ऐका, नवरा वाजतोय. ती बाई पुढे वाडी सोडून गेली. "लगीन झाल्या झाल्या ह्यांनी विम्याचं काढलं," ताई म्हणाली, "तवाच मी माझ्या गळ्याची शपथ घातली. म्हणलं, सगळ्यांचा काढा, तुमच्या नावाचा कागद ह्या घरात नको. मला तसला पैका नको."

मी दाजींना म्हणाले, "मग मला सांगायचं तरी. मी एवढं बोलत होते."

"काय सांगायचं? तुमची बहीण येडी हाय म्हणून?" दाजी म्हणाले. "अन् तुमी बोलत व्हता ते मला बरंच वाटायचं. कुनीतरी तिच्या कानावर घालत व्हतं." मग पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवून घेतला. "हे बघा म्यॅडम, तुमी समदी कागदानं झाकलेली. मी एकटाच उघडा. मग मला मरून कसं चालंल? म्हणून हेल्मेट. म्हणून पट्टा. लोकं हसत्यात, हसू द्या. मला काय हौस हाय का गळ्यात खिळं घालायची?" ताई एकदम म्हणाली, "हौस बी हाय थोडी." आणि मग ती रडायला लागली, तर दाजी काउंटरकडे बघून मला म्हणाले, "त्या पोरीला विचारा, हिला पाणी मिळंल का."

दिवाळी झाली आणि ताईनेच एजंटाला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला. दाजी आज काय विचारणार या धास्तीने त्याने खिशातून रुमाल काढून ठेवला होता. पण दाजी गप्प बसले होते आणि प्रश्न ताई विचारत होती. "ह्ये जित्ते ऱ्हायले तर पैका मिळतो, असा हाय का? मेल्यावर मिळणारा नको." एजंट म्हणाला, आहे, त्यात दोन्ही असतं, मुदत पुरी झाली तर ते स्वतः येऊन घेतील. "कुठं येऊन?" "ऑफिसात." "म्हातारपणी यांना ऑफिसात जिना चढावा लागंल का?" एजंटाने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मोठ्या समाधानाने मान हलवली, जणू इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी नीट प्रश्न विचारायला शिकलं होतं. एजंट म्हणाला, "वहिनी, मी उचलून नेईन." ताई म्हणाली, "मंग काढा," आणि चहा टाकायला आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं.

यानंतर दाजी सुधारतील असं मला वाटलं होतं. ते बिघडले. आयुष्यभर ज्याला मरायला परवानगी नव्हती, त्याला ती अचानक मिळाली आणि माणूस पार सैल सुटला. आता ते अंधार पडताना उसातून नुसते शीळ घालत येतात. नारायणगावहून येताना कुठे भजी दिसली की टेम्पो थांबवतात. परवा तर दाराला कडीच नव्हती. विचारलं तर म्हणाले, "म्यॅडम, आता मला काय झालं तर कंपनी बघंल," आणि असे खदाखदा हसले की मला त्यांच्या जुन्या हेल्मेटवाल्या ध्यानाची आठवण येऊन वाईट वाटलं. त्या माणसाची आम्ही एवढी टर उडवली, पण तो घरी वेळेवर यायचा.

मी आता चाकणला नोकरी करते. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ताईचा फोन येतो. तिला काही सांगायचं नसतं. टोमॅटोला आज काय भाव होता, पोरीच्या बाईंनी काय म्हटलं, आत्याबाईंचे गुडघे कसे आहेत, मी जेवले का, काय भाजी केली. मी "हं" म्हणत राहते. बोलता बोलता ती मध्येच थांबते, मला तिकडचा वारा आणि उसाची सळसळ ऐकू येते, मग ती पुन्हा काहीतरी सुरू करते. आणि मग लांबून टेम्पोचा आवाज येतो. माझ्या आधी तिला येतो. ती वाक्य अर्धं सोडून फोन ठेवते आणि मीही परत लावत नाही.